क्वेरीचा निकाल थेट चावी-मूल्य अ‍ॅरेत: पीएचपी आणि पीडीओ वापरणाऱ्यांसाठी

पुस्तक नोंदवायचा एक फॉर्म आहे आणि त्यात लेखक निवडायचा ड्रॉपडाउन आहे. डेटाबेसमध्ये लेखकांचं टेबल आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे, नाव आहे. पानाला हवं ते इतकंच: क्रमांक दिला की नाव मिळावं. यासाठी बहुतेक प्रकल्पांत एकच प्रकार लिहिलेला सापडतो. क्वेरी चालवा, सगळ्या ओळी आणा, रिकामा अ‍ॅरे घ्या, लूप फिरवा, प्रत्येक ओळीतला क्रमांक उचलून त्याच्यासमोर नाव ठेवा. हा पाच-सहा ओळींचा तुकडा एकाच प्रकल्पात ठिकठिकाणी, दर वेळी किंचित वेगळा लिहिलेला मी पाहिला आहे. त्यातला एखादा चुकलेला असतो आणि ती चूक लवकर दिसत नाही.

हे काम एका ओळीत होतं. ती ओळ पुढे देतोच, पण ती माहीत असली म्हणजे अर्धंच काम झालं. चावी म्हणून निवडलेला कॉलम खरोखर चावी होण्याजोगा आहे का, आणि अ‍ॅरे हातात आल्यावर पुढच्या वाटेत त्या चाव्या शाबूत राहतात का, हे बघणं उरतंच. घोटाळे क्वेरीत कमी होतात, या दोन जागी जास्त होतात. म्हणून लेखाचा मोठा भाग त्यांना दिला आहे.

थोडं शब्दांबद्दल. मराठी वाक्यात 'की' हे अव्यय पावलोपावली येतं, त्यामुळे अ‍ॅरेच्या 'की'ला इथे चावी म्हटलं आहे आणि 'व्हॅल्यू'ला मूल्य. फंक्शन आणि कॉन्स्टंटची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची, कॉन्स्टंट पूर्ण कॅपिटल अक्षरांत.

पहिली पायरी: अ‍ॅरेचा आकार ठरवा

क्वेरी लिहिण्याआधी कागदावर तयार अ‍ॅरे काढून बघा. मी अजूनही हे करतो. आकार चारच असतात.

एक, एकच ओळ हवी आहे आणि तिच्यात कॉलमचं नाव ही चावी आहे. दोन, क्रमांकासमोर एकच मूल्य हवं आहे, वरच्या ड्रॉपडाउनसारखं. तीन, क्रमांकासमोर पूर्ण ओळ हवी आहे. चार, एका चावीखाली अनेक ओळी किंवा अनेक मूल्यं हवी आहेत, जसं एका लेखकाची सगळी पुस्तकं.

दुसरा आणि तिसरा आकार एक गोष्ट गृहीत धरतात: चावी पुन्हा येणार नाही. चौथा आकार धरतो, की ती पुन्हा येणारच. या दोहोंत गल्लत झाली की डेटा गहाळ होतो, आणि तोही एकही एरर न देता. म्हणून कागदावरच्या आकृतीसमोर एक प्रश्न लिहून ठेवा: हा कॉलम पुन्हा न येण्याची हमी कोण देतंय? उत्तर 'प्राथमिक चावी' किंवा 'युनिक इंडेक्स' असेल तर पुढे जा. उत्तर 'आत्ता तरी टेबलात दोन सारख्या नोंदी नाहीत' असं असेल तर ती हमी नव्हे.

दुसरी पायरी: जोडणी नीट करा

जुनं मायएसक्यूएल एक्स्टेन्शन २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून काढून टाकलं गेलं. आज पीएचपीतून डेटाबेसशी बोलायचे दोन मार्ग आहेत, मायएसक्यूएलआय आणि पीडीओ (पीएचपी डेटा ऑब्जेक्ट्स). पीडीओ २००५ पासून, म्हणजे पीएचपी ५.१ पासून सोबत येतं आणि चावी-मूल्य निकालासाठी लागणाऱ्या सोयी त्यात तयार आहेत. माझा कल स्पष्टपणे पीडीओकडे आहे.

जोडणी करतानाच चार गोष्टी पक्क्या करा:

```
$पर्याय = [
    पीडीओ::अ‍ॅट्र_एररमोड            => पीडीओ::एररमोड_एक्सेप्शन,
    पीडीओ::अ‍ॅट्र_डिफॉल्ट_फेच_मोड   => पीडीओ::फेच_असोक,
    पीडीओ::अ‍ॅट्र_इम्युलेट_प्रिपेअर्स  => फॉल्स,
];
```

चौथी गोष्ट जोडणीच्या मजकुरातच जाते: कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४'. एक्सेप्शनचा मोड पीएचपी ८.० पासून आपोआप लागू आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर हा पर्याय विसरलात तर क्वेरी फसते आणि पुढचं पान गुपचूप रिकामं येतं.

फेच मोड ठरवून देणं का गरजेचं? पीडीओचा मूळ मोड 'बोथ' आहे. त्यात प्रत्येक मूल्य दोनदा येतं, एकदा कॉलमच्या नावाखाली आणि एकदा ०, १, २ अशा अंकाखाली. पानावर दाखवताना हे जाणवत नाही. पण त्याच ओळीवर लूप फिरवला तर प्रत्येक रकाना दोनदा छापला जातो, आणि ती जेसॉनमध्ये (ब्राउझरकडे डेटा पाठवायच्या मजकूररूपात) पाठवली तर वजन जवळपास दुप्पट होतं. मायएसक्यूएलआयमध्येही 'फेच अ‍ॅरे' मूळचं 'बोथ'च आहे. 'फेच ऑल' मात्र तिथे नुसते अंक देतं, नावं हवी असतील तर 'मायएसक्यूएलआय असोक' असं सांगावं लागतं.

तिसरी पायरी: एक ओळ, कॉलमच्या नावांनी

हा सगळ्यात सोपा आकार. प्रिपेअर करा, एक्झिक्यूट करा, 'फेच' म्हणा. ओळ सापडली तर अ‍ॅरे मिळतो, नाही सापडली तर फॉल्स. तो फॉल्स तपासल्याशिवाय ओळीला हात लावू नका.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला जॉइनचा, म्हणजे दोन टेबलं जोडून केलेल्या क्वेरीचा. पुस्तकांच्या आणि लेखकांच्या, दोन्ही टेबलांत 'क्रमांक' आणि 'नाव' हे कॉलम असतील आणि तुम्ही तारांकन लावून सगळं मागवलंत, तर अ‍ॅरेत 'नाव' ही चावी एकदाच राहू शकते. नंतर आलेला कॉलम आधीच्यावर लिहिला जातो. पुस्तकाच्या नावाच्या जागी लेखकाचं नाव दिसायला लागलं तर आधी इथेच बघा. उपाय एकच: जॉइनमध्ये तारांकन वापरू नका, प्रत्येक कॉलमला टोपणनाव द्या.

दुसरा बारकावा गणिती कॉलमचा. 'काउंट तारांकन' असं टोपणनावाशिवाय मागवलं तर मायएसक्यूएलमध्ये कॉलमचं नाव कंसासकट तसंच्या तसं येतं, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नुसतं 'काउंट' येतं. टोपणनाव देऊन टाकलं की डेटाबेस बदलला तरी तुमची चावी बदलत नाही.

चौथी पायरी: चावी आणि एक मूल्य

आता ड्रॉपडाउन. पीडीओमध्ये यासाठी 'फेच की पेअर' नावाचा मोड आहे.

```
$विधान = $डीबी->क्वेरी(
    'सिलेक्ट क्रमांक, नाव फ्रॉम लेखक ऑर्डर बाय नाव'
);
$लेखक = $विधान->फेचऑल(पीडीओ::फेच_की_पेअर);
```

एवढंच. पहिला कॉलम चावी होतो, दुसरा मूल्य. निकाल असा दिसतो:

```
[
    ४१ => 'अनघा',
    ७  => 'प्रभाकर',
    १९ => 'वसुधा',
]
```

क्वेरीने दिलेला क्रम अ‍ॅरेत तसाच राहतो. वर ४१ आधी आणि ७ नंतर आहे, कारण लावणी नावाप्रमाणे आहे. पीएचपीचा अ‍ॅरे चाव्या ज्या क्रमाने भरल्या तो क्रम जपतो.

या मोडच्या अटी कडक आहेत. कॉलम बरोबर दोनच हवेत. तीन आले तर पीडीओ साफ नकार देतं, आणि ते चांगलंच आहे. तारांकन लावून मागवलेलं दोन कॉलमांचं टेबल आज चालेल, उद्या कोणी तिसरा कॉलम जोडला की पान बंद पडेल. म्हणून दोन्ही नावं लिहा. त्यांचा क्रम उलटला तर मात्र कोणी ओरडत नाही, नावं चाव्या होतात आणि क्रमांक मूल्यं. एका नावाचे दोन लेखक असतील तर त्यातला एक यादीतून नाहीसा होतो.

चावी पुन्हा आली तर काय होतं हे तोंडपाठ असू द्या: शेवटची ओळ राहते, आधीची पुसली जाते. एररही नाही, वॉर्निंगही नाही. लेफ्ट जॉइन केलेल्या क्वेरीत चावीचा कॉलम नल, म्हणजे मूल्यच नसलेला, असू शकतो. नल ही चावी रिकाम्या स्ट्रिंगमध्ये बदलते आणि अशा सगळ्या ओळी एकाच जागी येऊन एकमेकींवर लिहिल्या जातात. चावीच्या कॉलमात नल येण्याची शक्यता असेल तर 'इज नॉट नल' ची अट क्वेरीतच घाला.

चावी दोन कॉलम मिळून बनत असेल, उदाहरणार्थ वर्ष आणि अंक क्रमांक, तर त्या दोन्ही क्वेरीतच 'कॉनकॅट' ने जोडा आणि मध्ये विभाजक नक्की ठेवा. विभाजक नसेल तर १ आणि २३ यांची चावी १२ आणि ३ यांच्या चावीशी जुळते, आणि पुन्हा तेच: एक ओळ गुपचूप गेली.

पाचवी पायरी: चावी आणि पूर्ण ओळ

क्रमांकासमोर नाव, वर्ष, पानं असं सगळं हवं असेल तर 'फेच युनिक' आणि 'फेच असोक' उभ्या रेघेने जोडून द्यायचे:

```
$पुस्तके = $विधान->फेचऑल(पीडीओ::फेच_युनिक | पीडीओ::फेच_असोक);
```

पहिला कॉलम चावी होतो, आणि इथे नवख्यांची फसगत होते, तो कॉलम ओळीतून काढून टाकला जातो. पुढे कुठे ओळीतला 'क्रमांक' वाचला जात असेल तर वॉर्निंग येते. ओळीतही क्रमांक ठेवायचा असेल तर तो दोनदा मागवा: आधी चावीसाठी 'क्रमांक', मग 'पुस्तके टिंब तारांकन'. मायएसक्यूएलमध्ये दुसऱ्या कॉलमनंतर नुसतं तारांकन दिलं तर वाक्यरचनेची चूक निघू शकते, म्हणून टेबलाचं नाव लावूनच द्या.

'युनिक' या नावावर विसंबू नका. हा मोड चावी एकमेव आहे का हे तपासत नाही, पुन्हा आली तर शेवटची ओळ ठेवतो, एवढंच. एकमेवतेची हमी टेबलानेच द्यायची आहे.

सहावी पायरी: एका चावीखाली अनेक

लेखकाच्या क्रमांकाखाली त्याची सगळी पुस्तकं हवी असतील तर 'युनिक' च्या जागी 'फेच ग्रुप' द्या. पहिला कॉलम चावी, आणि तिच्यासमोर ओळींची यादी. ओळी नकोत, नुसती नावं हवीत, तर दोन कॉलम मागवून 'ग्रुप' ला 'फेच कॉलम' जोडा:

```
$शीर्षके = $विधान->फेचऑल(पीडीओ::फेच_ग्रुप | पीडीओ::फेच_कॉलम);
```

नाव सारखं असलं तरी याचा एसक्यूएलच्या 'ग्रुप बाय' शी संबंध नाही. डेटाबेस सगळ्या ओळी पाठवतो, गट पीएचपी पाडतं. काही जण हेच काम डेटाबेसमध्ये 'ग्रुप कॉनकॅट' ने करून पीएचपीत स्वल्पविरामावर तोडतात. मायएसक्यूएलमध्ये त्या फंक्शनची मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे साडेतीनशेच्या आतच मजकूर कापला जातो. शीर्षकातच स्वल्पविराम असला तर तोडणंही चुकतं. हा मार्ग मी टाळतो.

या आकाराचा खरा उपयोग यादीच्या पानावर होतो. वीस पुस्तकं दाखवायची आहेत आणि प्रत्येकाचे विषय. लूपमध्ये प्रत्येक पुस्तकासाठी वेगळी क्वेरी चालवली तर एकवीस क्वेऱ्या होतात. दोनच पुरतात. पहिलीने पुस्तकं आणा, 'अ‍ॅरे कॉलम' ने त्यांचे क्रमांक काढा, दुसरीने त्या सगळ्या क्रमांकांचे विषय एकदम आणून गट पाडा, मग पानावर प्रत्येक पुस्तकासमोर त्याचा गट ठेवा.

दुसऱ्या क्वेरीत 'इन' लागतं, आणि 'इन' ला अख्खा अ‍ॅरे बांधता येत नाही. जितके क्रमांक तितकी प्रश्नचिन्हं तयार करावी लागतात:

```
$क्रमांक = अ‍ॅरे_व्हॅल्यूज(अ‍ॅरे_युनिक($क्रमांक));
$चिन्हे  = इम्प्लोड(',', अ‍ॅरे_फिल(०, काउंट($क्रमांक), '?'));
```

'अ‍ॅरे व्हॅल्यूज' वगळू नका. 'अ‍ॅरे युनिक' मूळ चाव्या तशाच ठेवतं, त्यामुळे मधले अंक गळतात, आणि पीडीओ तर त्याच अंकांवरून कोणतं मूल्य कोणत्या प्रश्नचिन्हाला द्यायचं ते ठरवतं. खाडा पडला की पॅरामीटर जुळत नाहीत असा एरर येतो, आणि तो बघून माणूस क्वेरीतच चूक शोधत बसतो. शिवाय यादी रिकामी असेल तर दुसरी क्वेरी चालवूच नका, रिकामा 'इन' मायएसक्यूएलला चालत नाही. ज्या पुस्तकाला एकही विषय नाही त्याची चावीच गटांत नसेल, म्हणून वाचताना दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर लावून पर्याय म्हणून रिकामा अ‍ॅरे द्या.

ओळी आधीच हातात असतील तर

कधी क्वेरी तुमच्या हातात नसते, दुसऱ्या फंक्शनकडून ओळींची यादी मिळते. मायएसक्यूएलआय वापरत असाल तरीही हीच स्थिती, कारण त्यात 'की पेअर' नाही. तिथे पीएचपी ५.५ पासून असलेलं 'अ‍ॅरे कॉलम' कामी येतं:

```
$लेखक = अ‍ॅरे_कॉलम($ओळी, 'नाव', 'क्रमांक');
```

इथे मूल्य आधी, चावी नंतर. पीडीओच्या बरोबर उलट. मधल्या जागी नल दिलं तर पूर्ण ओळ मूल्य म्हणून येते, आणि 'युनिक' सारखा तिच्यातून क्रमांक गळत नाही. हा फायदा मला इतका आवडतो, की ओळी थोड्या असतील तेव्हा मी 'फेच युनिक' ऐवजी हेच वापरतो.

चाव्या वाटेत कुठे बिघडतात

आता त्या भागाकडे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

ड्रॉपडाउनच्या वर 'लेखक निवडा' अशी एक ओळ लागते. तयार अ‍ॅरेला ती जोडायला हात 'अ‍ॅरे मर्ज' कडे जातो. एका कामात माझ्याकडून नेमकं हेच झालं होतं. 'अ‍ॅरे मर्ज' अंकी चाव्या फेकून देऊन ० पासून नव्याने क्रमांक घालतं. पानावर सगळं ठीक दिसतं, नावं बरोबर, क्रम बरोबर. पण ४१ क्रमांकाची अनघा आता १ क्रमांकाची झालेली असते, आणि वापरणाऱ्याने तिला निवडलं की नोंद भलत्याच लेखकाच्या नावावर जाते. चूक कळेपर्यंत बऱ्याच नोंदी झाल्या होत्या आणि त्या हाताने तपासाव्या लागल्या. तेव्हापासून मी अशा ठिकाणी अधिक चिन्हच वापरतो:

```
$यादी = ['' => 'लेखक निवडा'] + $लेखक;
```

अधिक चिन्ह चाव्यांना हात लावत नाही. दोन्हीकडे एकच चावी असली तर डावीकडची राहते. उजवीकडची जिंकायला हवी असेल तर 'अ‍ॅरे रिप्लेस'.

मर्ज एकटंच नाही. 'अ‍ॅरे अनशिफ्ट', 'अ‍ॅरे शिफ्ट' आणि 'अ‍ॅरे स्प्लाइस' अंकी चाव्या नव्याने घालतात. 'सॉर्ट', 'यूसॉर्ट' आणि 'शफल' सगळ्याच चाव्या टाकून देतात. 'एसॉर्ट', 'केसॉर्ट', 'यूएसॉर्ट' आणि 'अ‍ॅरे फिल्टर' चाव्या जपतात. 'अ‍ॅरे स्लाइस' ला चौथं आर्ग्युमेंट ट्रू दिलं तरच तो अंकी चाव्या ठेवतो. 'अ‍ॅरे मॅप' एकाच अ‍ॅरेवर चालवला तर ठेवतो, दोनांवर चालवला तर नाही.

चावीचा प्रकारही बदलतो. पीएचपीच्या अ‍ॅरेत चावी पूर्णांक असते किंवा स्ट्रिंग. "१२" ही शुद्ध दशमान स्ट्रिंग पूर्णांक १२ होते, "०१२" मात्र स्ट्रिंगच राहते. म्हणजे शून्याने सुरू होणारे कोड आणि न होणारे कोड एकाच अ‍ॅरेत दोन वेगळ्या प्रकारांचे होऊन बसतात. (इथले अंक वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत, पीएचपी हे रूपांतर फक्त ० ते ९ या आंतरराष्ट्रीय अंकांवर करतं, खरोखरच्या देवनागरी अंकांची स्ट्रिंग ही स्ट्रिंगच राहते.) हाताने लिहिलेल्या लूपमध्ये अपूर्णांक चावी म्हणून वापरला तर दशांश भाग छाटला जातो.

याचा फटका निवडलेला पर्याय दाखवताना बसतो. फॉर्ममधून आलेलं मूल्य नेहमी स्ट्रिंग, अ‍ॅरेतली चावी पूर्णांक. तीन बरोबर चिन्हांनी तुलना केली तर ती कधीच खरी ठरत नाही आणि संपादनाच्या पानावर लेखक न निवडलेला दिसतो. दोन्ही बाजू एकाच प्रकारात आणा, मगच तुलना करा.

फॉर्ममधून आलेला क्रमांक यादीत आहे का, हे 'अ‍ॅरे की एक्झिस्ट्स' ने तपासा, 'इसेट' ने नाही. चावी आहे पण मूल्य नल आहे, अशा वेळी 'इसेट' नाही म्हणतो. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटरही तसाच वागतो.

मजकूर चावी करायचा मोह टाळा. मायएसक्यूएल ८ चं मूळ कोलेशन (मजकुराच्या तुलनेचे नियम) कॅपिटल-स्मॉलचा भेद मानत नाही, पीएचपीचा अ‍ॅरे मानतो. डेटाबेसला जे सारखं वाटतं ते अ‍ॅरेत सापडत नाही. आपल्या लिपीत तर आणखी एक अडचण आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप केलेला आढळतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइटच्या पातळीवर वेगळे, म्हणून अ‍ॅरेत दोन वेगळ्या चाव्या. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही या दोन रूपांना एक करत नाही. विषयाच्या नावावर गट पाडला आणि एकच विषय दोनदा दिसला, तर हे कारण आठवा, आणि चावी म्हणून विषयाचा क्रमांक घ्या.

ब्राउझरकडे पाठवताना

वरचा लेखकांचा अ‍ॅरे 'जेसॉन एन्कोड' केला तर त्याचा ऑब्जेक्ट होतो. मजकुरात क्रम ४१, ७, १९ असा बरोबर असतो. पण जावास्क्रिप्टने तो वाचला की पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या चाव्या चढत्या क्रमाने लावल्या जातात: ७, १९, ४१. नावाप्रमाणे केलेली लावणी गेली. हा दोष नाही, भाषेचा ठरलेला नियम आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा असेल तर चावी-मूल्य रूपात पाठवू नका. क्रमांक आणि नाव असलेल्या ओळींची साधी यादी पाठवा, आणि ब्राउझरमध्ये शोध लागत असेल तर तिचा 'मॅप' बनवा. 'मॅप' भरल्याचा क्रम जपतो.

दुसरा धोका रूपाचा. चाव्या ०, १, २ अशा सलग असतील तर जेसॉनमध्ये यादी होते, नाहीतर ऑब्जेक्ट. त्यामुळे 'अ‍ॅरे फिल्टर' ने मधली एक ओळ गाळली की काल यादी येत होती तिथे आज ऑब्जेक्ट येतो आणि ब्राउझरमधला लूप मोडतो. यादी पाठवायची असेल तर आधी 'अ‍ॅरे व्हॅल्यूज' करा. उलट, ऑब्जेक्ट पाठवायचा आहे आणि अ‍ॅरे रिकामा निघाला तर चौकोनी कंस जातात, महिरपी नाहीत. तिथे पाठवण्याआधी अ‍ॅरे ऑब्जेक्टमध्ये कास्ट करा. चाचणी घेताना रिकाम्या टेबलावर एकदा पान उघडून बघितलं की हे लगेच सापडतं.

आकड्यांचंही बघा. पीएचपी ८.१ आधी, इम्युलेटेड प्रिपेअर (क्वेरीत मूल्यं डेटाबेसऐवजी पीडीओनेच भरणं) चालू असताना पीडीओ मायएसक्यूएलमधले पूर्णांकही स्ट्रिंग म्हणून देत असे. ८.१ पासून ते पूर्णांक म्हणूनच येतात. आवृत्ती बदलली की जेसॉनमधली अवतरणचिन्हं नाहीशी होतात आणि कडक तुलना करणारा जुना कोड बिघडू शकतो. 'डेसिमल' कॉलम मात्र अजूनही स्ट्रिंगच येतो, आणि तसंच हवं, नाहीतर दशांशातली अचूकता जाईल.

फ्रेमवर्क आणि इतर भाषा

लाराव्हेलमध्ये 'प्लक' आहे, आधी मूल्याचा कॉलम, मग चावीचा. डॉक्ट्रिनमध्ये 'फेच ऑल की व्हॅल्यू'. वर्डप्रेसच्या 'गेट रिझल्ट्स' ला 'ऑब्जेक्ट के' दिलं तर पहिल्या कॉलमच्या चावीने ओळी येतात, पण तिथे पुन्हा आलेल्या चावीची पहिली ओळ राहते, पीडीओसारखी शेवटची नाही. कोड एकीकडून दुसरीकडे नेताना हा फरक महागात पडतो. पायथनमध्ये दोन कॉलमांच्या ओळी थेट 'डिक्ट' ला दिल्या की काम झालं, आणि ३.७ पासून त्याचा क्रमही पक्का आहे. पर्लच्या डीबीआयमधलं 'सिलेक्ट ऑल हॅशरेफ' चावीने ओळी देतं, पण पर्लच्या हॅशला क्रम नसतो, लावणी वेगळी ठेवावी लागते.

कधी वापरू नये

'फेच ऑल' सगळा निकाल मेमरीत आणतं. काही शे किंवा काही हजार ओळींच्या यादीला ते योग्यच आहे. लाखो ओळींतून चार क्रमांकांची नावं हवी आहेत म्हणून अख्खं टेबल अ‍ॅरेत भरणं चूक. तिथे 'इन' वापरून तेवढेच चार मागवा. आणि खरोखर लाखो ओळींवरून जायचंच असेल, समजा फाइल तयार करायची आहे, तर विधानावर थेट 'फॉरईच' फिरवा आणि एकेक ओळ वापरून सोडून द्या. मायएसक्यूएलसाठी बफर्ड क्वेरीचा पर्यायही बंद करावा लागेल, नाहीतर लूप एकेक ओळ वाचत असला तरी निकाल आधीच सगळा मेमरीत आलेला असतो. बफर बंद असताना त्या जोडणीवर पहिला निकाल संपेपर्यंत दुसरी क्वेरी चालत नाही. त्यामुळे लूपच्या आत लागणारे छोटे चावी-मूल्य अ‍ॅरे, लेखकांचे, विषयांचे, लूप सुरू होण्याआधीच आणून ठेवा.